कबुली आणि हिशेब : फ्रान्सची आफ्रिकानीती व काळ्या लेखकांची साक्ष

काळ्यांच्या साहित्याचा विषय निघाला की आपली नजर अमेरिकेपलीकडे जात नाही. त्याला कारण आहे. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. रिचर्ड राइट, जेम्स बॉल्डविन ही नावे आपल्या परिसंवादांतून इतकी फिरली की ती घरचीच वाटू लागली. पण ज्या खंडातून या लेखकांचे पूर्वज साखळदंडात बांधून नेले गेले, त्या खंडातल्या लेखकांकडे, आणि त्यातही फ्रेंचमधून लिहिणाऱ्यांकडे, आपण जवळजवळ पाठच फिरवली. भाषेची अडचण खरी. इंग्रजीतून जेवढे हाती आले तेवढेच आपण वाचले. फॅनन तेवढा आला. फॅनन ज्यांच्याशी भांडत होता आणि ज्यांच्या बाजूने भांडत होता, ते फारसे आलेच नाहीत.

याचा एक परिणाम असा की फ्रान्स म्हटले की आपल्या सुशिक्षितांना अजूनही राज्यक्रांतीच आठवते; स्वातंत्र्य, समता, बंधुता आठवते. आपल्या तत्त्वज्ञानातील ही त्रयी फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नसून बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतलेली आहे, असे बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवरील भाषणात निक्षून सांगितले होते. त्यामागची त्यांची कारणे वेगळी होती. पण हे तीन शब्द आपल्या सरकारी इमारतींवर कोरणाऱ्या फ्रान्सने आफ्रिकेत काय केले ते पाहिले, म्हणजे उसनवारी नाकारण्यातले शहाणपण अधिकच पटते.

एकट्या १९६० सालात आफ्रिकेतील फ्रान्सच्या ताब्यातले चौदा देश स्वतंत्र झाले. झेंडे बदलले, राष्ट्रगीते आली, काळे राष्ट्राध्यक्ष आले. परंतु नाणे फ्रान्सच्या हाती राहिले, फ्रेंच सैन्याच्या छावण्या राहिल्या, शाळा-कचेऱ्यांची भाषा राहिली. या व्यवस्थेला फ्रेंचमध्ये ‘फ्रांसाफ्रिक’ म्हणतात. आयव्हरी कोस्टचे नेते हुफुए-ब्वान्यी यांनी फ्रान्स आणि आफ्रिकेच्या जवळिकीचा गौरव म्हणून तो शब्द पन्नाशीच्या दशकात वापरला होता. १९९८ साली फ्रांस्वा-झाविए वेर्शाव्ह यांनी त्याच नावाचे पुस्तक लिहून त्या शब्दाला कुप्रसिद्ध करून टाकले. गौरवाचा शब्द शिवीसारखा कसा झाला, हे समजून घ्यायचे तर मंत्र्यांची भाषणे वाचून भागत नाही; लेखकांकडे जावे लागते. फ्रेंच राज्यसंस्था जी गोष्ट साठ-साठ, ऐंशी-ऐंशी वर्षे नाकारत आली, ती लेखकांनी आधीच नोंदवून ठेवली होती. आज ती राज्यसंस्था एकेक कबुली देऊ लागली आहे. त्या कबुलीची किंमत काय, हा या लेखाचा प्रश्न आहे.

सुरुवात नकारापासून करू. १९५८ साली दगॉलने आफ्रिकी वसाहतींपुढे सार्वमत ठेवले : फ्रान्सच्या छत्राखालील समुदायात राहा, अथवा ताबडतोब स्वतंत्र व्हा. गिनीने ९५ टक्क्यांहून अधिक मतांनी ‘नाही’ म्हटले. त्या नकाराची शिक्षा लगेच मिळाली. अधिकारी, शिक्षक, डॉक्टर काही आठवड्यांत परत बोलावले गेले. कचेऱ्यांतल्या फायलीसुद्धा नेल्या अथवा जाळल्या. १९६० साली गिनीने स्वतःचे नाणे काढले, तेव्हा फ्रेंच गुप्तहेर खात्याने त्या देशात खोट्या नोटा सोडल्या. त्या खात्यातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने पुढे हे मान्यही केले. एका गावाने जोहार घालायचे नाकारले तर बाकीच्या गावांना दहशत बसेल असे त्याचे हाल करायचे, ही रीत आपल्याला नवीन नाही. शेजारच्या देशांनी तो धडा नीट घेतला.

आता नाण्याकडे वळतो. नाण्याची खरी समीक्षा मला कोणा अर्थशास्त्रज्ञाच्या पुस्तकात सापडली नाही, ती उस्मान सेम्बेनच्या चित्रपटात सापडली. सेम्बेन सेनेगलचा. दुसऱ्या महायुद्धात तो फ्रेंच सैन्यात शिपाई होता, नंतर मार्सेयच्या गोदीत हमाल. १९५६ साली त्याची ‘काळा गोदी कामगार’ ही कादंबरी आली. १९६० साली डाकार-नायजर रेल्वेच्या १९४७-४८ च्या संपावरची मोठी कादंबरी आली. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंत आपले लिखाण पोहोचत नाही हे उमगल्यावर तो सिनेमाकडे वळला. १९८८ साली त्याने ‘तियारॉयची छावणी’ केला.

तियारॉय हे डाकारजवळचे ठिकाण. जर्मनांच्या कैदेतून सुटलेले बाराशेच्या वर आफ्रिकी सैनिक १९४४ च्या नोव्हेंबरात तेथे आणले गेले. फ्रान्ससाठी लढले, फ्रान्ससाठी कैद भोगली. त्यांची मागणी एवढीच की थकलेला पगार द्या. १ डिसेंबर १९४४ च्या पहाटे फ्रेंच सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा ३५ मृतांचा. इतिहाससंशोधक त्याहून कितीतरी मोठा आकडा सांगतात. वाचलेल्यांपैकी ३४ जणांना बंडखोर ठरवून तुरुंगात टाकले.

सेम्बेनने या प्रसंगाचे रडगाणे केले नाही. त्याने चलनाचा भाव पकडला. चित्रपटात सैनिकांजवळ फ्रान्समधल्या नोटा आहेत. वसाहतीतले अधिकारी म्हणतात, या बदलून देऊ, पण निम्म्या भावाने. झगडा तेथे पेटतो. रक्ताचे मोल आधीच ठरले होते, आता त्या मोलाचेही निम्मे करायचे! सैनिक जनरलला अडवून धरतात. तो अधिकाऱ्याच्या इभ्रतीवर शब्द देतो की पूर्ण भावाने पैसे मिळतील, आणि ते त्याला सोडतात. त्या रात्री छावणीत नाच-गाणे होते. पहाटे रणगाडे येतात. ते पहिल्यांदा दिसतात बुखेनवाल्डच्या छळछावणीत वाचा गेलेल्या पहारेकऱ्याला. तो मुका आक्रोश करून इतरांना उठवतो. पण हा वेडा, याला अजून जर्मन दिसताहेत, असे समजून ते त्याला झोपवतात. छळछावणी पाहिलेल्या माणसालाच ती ओळखता येते. बाकीच्यांचा साहेबाच्या शब्दावर विश्वास असतो. हा प्रसंग पाहताना अंगावर काटा येतो, तो कॅमेऱ्याच्या करामतीने नव्हे. व्हेनिसच्या महोत्सवात चित्रपटाला पारितोषिक मिळाले. फ्रान्समध्ये मात्र तो बरीच वर्षे चित्रपटगृहांत लागू शकला नाही.

तियारॉयनंतर वर्षभराने, २६ डिसेंबर १९४५ रोजी, सीएफए फ्रँक हे नाणे जन्माला आले. ‘फ्रान्सच्या आफ्रिकेतील वसाहतींचा फ्रँक’ हा त्या तीन अक्षरांचा मूळ अर्थ. स्वातंत्र्यानंतर अक्षरे तीच ठेवून अर्थ बदलला, ‘आफ्रिकी वित्तीय समुदाय’ असा केला. पाटी तीच, फक्त नवा रंग! या नाण्याचा भाव फ्रेंच फ्रँकशी बांधलेला, आणि १९९९ पासून युरोशी : एका युरोला ६५५.९५७ सीएफए. बदल्यात या देशांनी आपल्या परकीय चलनाचा साठा फ्रेंच खजिन्यात ठेवायचा. आरंभी सगळा, १९७३ नंतर ६५ टक्के, पुढे निम्मा. नोटा फ्रान्समधील शामालिएर गावी छापायच्या. गावचा सावकार ज्याप्रमाणे कुळाचे दागिने आपल्याच पेटीत ठेवून त्याला ‘पत’ देतो, तशी ही पत. महागाई आटोक्यात राहते असा या व्यवस्थेचा बचाव केला जातो, आणि तो सर्वस्वी खोटा नाही. पण कोणासाठी आटोक्यात? पॅरिसला पैसे धाडणाऱ्या कंपन्यांसाठी, पॅरिसहून माल आणणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी, पॅरिसमध्ये घर घेणाऱ्या मंत्र्यांसाठी. शेंगदाणा पिकवणाऱ्याला कर्ज मिळत नाही ते नाहीच. ११ जानेवारी १९९४ रोजी डाकारमध्ये जाहीर झाले की सीएफएचे मोल निम्मे केले आहे. बाहेरून येणारी औषधे सरळ दुप्पट महाग. पुन्हा निम्मेच! सेम्बेनने सहा वर्षांपूर्वी जे दाखवले होते ते डाकारच्या बाजारात घरोघरच्या बायकांनी अनुभवले.

२०१९ च्या डिसेंबरात मॅक्रॉन यांनी आबिजानमध्ये पश्चिम आफ्रिकेपुरती सुधारणा जाहीर केली : साठा फ्रान्समध्ये ठेवण्याची सक्ती जाईल, नाण्याचे नाव ‘इको’ होईल. सक्ती गेली. नवे नाव अजून आलेले नाही, भाव तोच बांधलेला आहे. मध्य आफ्रिकेच्या सहा देशांना तेवढेही लागू झाले नाही.

आता सेंगोरविषयी बोलले पाहिजे, कारण आपल्याकडच्या प्राध्यापकांना आफ्रिकी कवी म्हणून पहिल्यांदा हेच नाव सुचते. लिओपोल्ड सेदार सेंगोर, नेग्रित्यूद म्हणजे काळेपणाच्या अस्मितेचा कवी, १९६० ते १९८० सेनेगलचा राष्ट्राध्यक्ष, १९८३ साली फ्रेंच अकादमीचा सभासद. तो स्वतः जर्मनांच्या कैदेत होता. तियारॉयच्या हत्याकांडावर त्याच महिन्यात त्याने कविता लिहिली, आणि ती खोटी नाही. तिच्यातले दुःख अस्सल आहे. पण दुःख कोणाचे आहे? आईने टाकलेल्या मुलाचे. फ्रान्स असा कसा वागला, हा त्या कवितेतला आक्रोश आहे. फ्रान्स असाच आहे, हे म्हणण्यापाशी कवी येत नाही. १९४८ च्या त्याच संग्रहातल्या शांतीच्या प्रार्थनेत तर तो देवाकडे फ्रान्ससाठी क्षमा मागतो. वेदना आहे, विद्रोह नाही. आपल्या रंगाचा अभिमान बाळगावा, आपल्या आजीच्या गाण्यांचा, ढोलाचा, मुखवट्यांचा अभिमान बाळगावा, आणि मुकाट्याने खजिन्याची किल्ली धन्याकडेच असू द्यावी, अशी अस्मिता धन्याला कधीच जड जात नाही. उलट तो तिला अकादमीत खुर्ची देतो.

आणि हाच कवी राष्ट्राध्यक्ष झाल्यावर काय करतो? स्वावलंबी अर्थव्यवस्थेचा आग्रह धरणारा आपला पंतप्रधान मामादू दिया याला १९६२ साली अटक करवतो. दिया बारा वर्षे तुरुंगात राहतो. १९७७ चा सेम्बेनचा ‘चेद्दो’ हा चित्रपट वोलोफ भाषेतल्या त्या शब्दात एक ‘द’ की दोन, या वादावरून सेनेगलमध्ये अडवतो. फ्रेंच व्याकरणाच्या या पंडिताला वोलोफच्या शुद्धलेखनाची एवढी आस्था! खरे कारण कोणापासून लपले नव्हते.

सेंगोरच्या समोर मी मोंगो बेतीला उभा करतो. कॅमेरूनचा कादंबरीकार, फ्रान्समधल्या रुआं शहरात शाळामास्तर. तरुणपणी, पन्नाशीच्या दशकात, त्याने कामारा लायेच्या ‘काळे मूल’ या आत्मपर कादंबरीवर टीका लिहिली. त्या पुस्तकात गिनीतले सुंदर बालपण होते, सोनाराची भट्टी होती, आईची माया होती. वेठ नव्हती, गोरा साहेब नव्हता. बेतीने अशा लिखाणाला ‘गुलाबी साहित्य’ म्हटले. (आपल्या ग्रामीण साहित्यातल्या हिरव्यागार शिवारात महारवाडा दिसत नसे, त्याची येथे कोणालाही आठवण होईल.) त्याची टीका काही ठिकाणी अन्यायाची आहे असे मला वाटते, कारण आईची माया हीसुद्धा वास्तवच असते. पण ते पुस्तक फ्रान्समध्ये इतके आवडले का, हा बेतीचा प्रश्न बिनतोड होता.

कॅमेरूनमध्ये त्याच सुमारास युद्ध चालू होते. फ्रान्सने त्याला कधी युद्ध म्हटले नाही. खऱ्या स्वातंत्र्याची मागणी करणारा रुबेन उम न्योबे १३ सप्टेंबर १९५८ रोजी जंगलात मारला गेला. लोकांनी त्याची समाधी बांधू नये म्हणून त्याचे प्रेत काँक्रीटमध्ये गाडले. त्याच्यामागून नेता झालेला फेलिक्स मूमिए १९६० साली जिनिव्हात विषाने मेला. कॅमेरून स्वतंत्र झाल्यावरही दमन फ्रेंच अधिकाऱ्यांच्या मदतीने चालूच राहिले. शेवटचा मोठा नेता एर्नेस्त उआंदिए याला १५ जानेवारी १९७१ रोजी चौकात गोळ्या घातल्या. म्हणजे हे काम वसाहतवाद्यांनी सुरू केले आणि स्वतंत्र राष्ट्राने पुरे केले.

बेतीने या सगळ्यावर ‘कॅमेरूनची लूट’ हे पुस्तक लिहिले. १९७२ साली ते पॅरिसमध्ये मास्पेरोने प्रसिद्ध केले. फॅननचे ‘पृथ्वीवरचे शापित’ १९६१ साली छापणारा हाच प्रकाशक. फ्रान्सच्या गृहमंत्रालयाने पुस्तक ताबडतोब जप्त केले. लेखनस्वातंत्र्याच्या माहेरघरी! ही जप्ती कॅमेरून सरकारला हवी होती, आणि त्या सरकारचा पॅरिसमधला राजदूत होता फेर्दिनां ओयोनो. वाचकांनी हे नाव लक्षात ठेवावे. हा तोच ओयोनो, ज्याने १९५६ साली ‘एका बॉयचे आयुष्य’ लिहून गोऱ्या साहेबाच्या घरातल्या काळ्या नोकराची विटंबना जगासमोर मांडली. फ्रान्ससाठी सगळे गमावून एक पदक मिळवणाऱ्या म्हाताऱ्यावरची त्याची कादंबरीही त्याच वर्षीची. वसाहतवादाची इतकी धारदार थट्टा फार थोड्यांनी केली असेल. सोळा वर्षांनंतर त्याच लेखकाची वकिलात दुसऱ्या लेखकाच्या पुस्तकावर बंदी मागते. स्वतंत्र देशांतला नवा वरिष्ठ वर्ग हा जुन्या धन्याचा दलाल होईल, असे फॅननने लिहून ठेवले होते. त्या प्रकरणाला याहून बोलके उदाहरण मिळणार नाही. आणि हे उदाहरण आफ्रिकेपुरते नाही. विद्रोही कवितेवर नाव कमावून महामंडळाच्या खुर्चीत बसल्यावर गप्प होणारे आपल्याकडे किती, हे कार्यकर्त्यांना विचारा.

बेती गप्प झाला नाही. निबंध जप्त झाला तेव्हा तोच आशय त्याने कादंबऱ्यांत घातला. १९७४ ची ‘रिमेंबर रुबेन’ ही त्यांतली एक, शीर्षकातला रुबेन म्हणजे उम न्योबे. चार वर्षे लढून १९७६ साली बंदी उठवून घेतली. १९७८ पासून ‘काळे लोक, आफ्रिकी लोक’ हे नियतकालिक बायकोच्या साथीने, पदरमोड करून, १९९१ पर्यंत चालवले. छोटे नियतकालिक चालवणे म्हणजे काय, हे या पानांच्या वाचकांना सांगायला नको. निवृत्तीनंतर मायदेशी जाऊन याउंदेत पुस्तकांचे दुकान काढले. २००१ साली तो वारला.

एका देशाचा उल्लेख टाळता येणार नाही, जरी तो फ्रान्सची वसाहत नव्हता. रवांडा बेल्जियमच्या ताब्यात होता. परंतु फ्रेंच बोलणारा देश म्हणून मित्तेराँच्या सरकारने त्याला आपल्या गोटात ओढले, तिथल्या हुतू राजवटीला शस्त्रे व लष्करी प्रशिक्षण दिले. १९९४ च्या एप्रिल ते जुलैमध्ये तेथे सुमारे आठ लाख माणसे, मुख्यतः तुत्सी, मारली गेली. १९९८ साली काही आफ्रिकी लेखक मुद्दाम तेथे जाऊन राहिले, वाचलेल्यांशी बोलले. सेनेगलचा बुबाकार बोरिस दिओप त्यांत होता. २००० साली त्याची ‘मुरांबी’ कादंबरी आली : आडवळण नाही, अलंकार नाही, हाडांच्या ढिगासमोर भाषेने जेवढे बोलावे तेवढेच. त्यानंतर त्याने जी कादंबरी लिहिली ती फ्रेंचमध्ये नाही, वोलोफमध्ये. २००३ साली ती आली. नाण्याचा आणि छावणीचा नकार राज्यकर्त्यांना जमला नाही तेव्हा भाषेचा नकार एका लेखकाने एकट्याने देऊन पाहिला.

इकडे राज्यकर्त्यांची भाषा तीच होती. २००५ सालच्या एका कायद्यात फ्रान्सने शाळांना फर्मावले की समुद्रापारच्या फ्रेंच अस्तित्वाची ‘सकारात्मक भूमिका’ शिकवा. मार्तिनिकचा वृद्ध कवी एमे सेझेर याने त्या कारणावरून सार्कोझींना भेटायचे नाकारले. पुढच्या वर्षी ते कलम मागे घ्यावे लागले. राष्ट्राध्यक्ष झालेल्या याच सार्कोझींनी २६ जुलै २००७ रोजी डाकारच्या विद्यापीठात आफ्रिकी विद्यार्थ्यांना ऐकवले की आफ्रिकी माणूस इतिहासात पुरेसा उतरलेलाच नाही. ज्या विद्यापीठाला आफ्रिकेचा प्राचीन इतिहास मांडणाऱ्या शेख अंता दिओपचे नाव आहे, त्याच सभागृहात! तियारॉयला मेलेले इतिहासात उतरले नव्हते तर कशात उतरले होते?

छावण्या मात्र आता उठल्या आहेत. २०१३ साली मालीत टाळ्यांच्या गजरात उतरलेले फ्रेंच सैन्य २०२२ च्या ऑगस्टमध्ये तेथून गेले, २०२३ मध्ये बुर्किना फासो व नायजरमधून, २०२५ मध्ये चाड, आयव्हरी कोस्ट आणि अखेरीस सेनेगलमधून. नायजरच्या आर्लितचे युरेनियम १९७१ पासून फ्रान्सच्या अणुवीजकेंद्रांना जात आले, आणि त्या देशातल्या बहुसंख्य घरांत दिवा नाही. तिथल्या तरुणांनी फ्रेंच राजदूताच्या दारात घोषणा दिल्या तर नवल कसले? पण या तीन देशांत सत्ता आली ती लष्कराच्या हाती, आणि माली तर लगेच रशियाकडे वळला. २०२२ च्या मार्चमध्ये मालीतल्या मूरा गावी तिथले सैन्य आणि त्याच्यासोबतचे परकी लढवय्ये यांनी किमान पाचशे माणसे मारल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आहे. गणवेश काळ्या माणसाच्या अंगावर आहे म्हणून या मृतांना आपण कमी मोजायचे काय? गिनीचा अनुभव विसरू नये. तियारॉयवर ‘आफ्रिकी पहाट’ लिहिणारा कवी केइता फोदेबा, ज्याच्या त्या रचनेचे फॅननने आपल्या ग्रंथात सविस्तर विवेचन केले, तो स्वतंत्र गिनीत मंत्री झाला, आणि १९६९ साली सेकू तुरेच्या बोइरो छावणीत ठार मारला गेला. ‘नाही’ म्हणणाऱ्या देशात त्या कवीची ही गत.

राहता राहिली कबुली. २०२१ साली फ्रेंच इतिहाससंशोधकांच्या आयोगाने रवांडाबाबत फ्रान्सची जबाबदारी जड असल्याचे लिहिले, मात्र संगनमत नाही असेही लिहिले. २०२४ च्या नोव्हेंबरात, ऐंशीव्या स्मृतिदिनाच्या तोंडावर, मॅक्रॉन यांनी तियारॉयला ‘हत्याकांड’ म्हटले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रात त्यांनी मान्य केले की कॅमेरूनमध्ये फ्रान्सने युद्ध केले. हे पत्र कोणाला लिहिलेले आहे पाहा : पॉल बिया यांना, जे १९७५ पासून पंतप्रधान आणि १९८२ पासून राष्ट्राध्यक्ष, म्हणजे ज्या राजवटीने उआंदिएला गोळ्या घातल्या तिचेच वारस. उम न्योबेच्या खुनाची कबुली त्याच्या खुनाचा लाभ झालेल्यांच्या हाती! मूमिएच्या विषाबाबत तर पुरावा पुरेसा नाही असेच त्या पत्राचे म्हणणे. आणि याच वर्षाच्या जानेवारीत याच मॅक्रॉन यांनी फ्रेंच राजदूतांसमोर तक्रार केली होती की आफ्रिकी नेते फ्रान्सचे आभार मानायला विसरले.

या कबुल्या निरर्थक आहेत असे मी म्हणत नाही. ज्या घरातला माणूस बंडखोर म्हणून मेला, त्या घराला तो निर्दोष होता एवढा शब्द सरकारी कागदावर यायला किती पिढ्या जातात, हे आपण जाणतो. पण बेतीने १९७२ साली लिहिले तेव्हा त्याचे पुस्तक जप्त झाले. तेच २०२५ साली राष्ट्राध्यक्षाने लिहिले तेव्हा त्याला धैर्य म्हटले गेले. मधली त्रेपन्न वर्षे कोणाच्या खात्यावर मांडायची? सेम्बेनच्या सैनिकांनी फ्रान्सकडे पश्चात्ताप मागितला नव्हता, पूर्ण भावाने पगार मागितला होता. तियारॉयच्या दफनभूमीत २०२५ साली सेनेगलने उत्खनन सुरू केले आहे. मृतांच्या नावांची पूर्ण यादी अजून तयार नाही, आणि थकलेल्या पगाराची वारसांची मागणी अजून उभीच आहे.